वाचकांचे प्रश्न : मतदान जिंकलेला पंतप्रधान पायउतार का होतो?

प्रश्न : आमच्या तर्री-पोह्यांच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी वाद झाला. ब्रिटनचे बोरिस जॉन्सन यांनी जून २०२२ मध्ये स्वतःच्याच पक्षातले मतदान २११ विरुद्ध १४८ असे जिंकले आणि तरीही महिनाभरात त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. मग त्या मतदानाला अर्थ काय उरला, असा माझा सवाल होता. मित्राचे म्हणणे असे की, आपल्याकडे असले मतदानच होत नाही, त्यामुळे आपली पद्धत बरी. आमच्यापैकी कोणाचे खरे?
— एक निवृत्त शिक्षक, महाल, नागपूर

उत्तर : आपण दिलेले आकडे बरोबर आहेत आणि कोड्याची उकलही त्यांतच आहे. जॉन्सन यांच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या तेव्हाच्या नियमानुसार पक्षाच्या पंधरा टक्के खासदारांनी नेत्यावर विश्वास नसल्याची पत्रे ‘१९२२ समिती’च्या, म्हणजे पक्षाच्या साध्या खासदारांच्या समितीच्या, अध्यक्षांकडे दिली, की मतदान घ्यावेच लागे. (समिती नावाप्रमाणे १९२२ ची नाही. त्या वर्षीच्या निवडणुकीत प्रथम निवडून आलेल्या खासदारांनी ती १९२३ मध्ये स्थापली. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.) पक्षाचे खासदार ३५९, म्हणून ५४ पत्रे पुरेशी होती. किती पत्रे आली आणि कोणाची आली, हे एकट्या अध्यक्षांना ठाऊक असते. राणीच्या कारकिर्दीच्या सत्तर वर्षांचा उत्सव आटोपला आणि दुसऱ्याच दिवशी, ६ जूनला, संख्या भरल्याची घोषणा झाली. त्याच संध्याकाळी सहा ते आठ या दोन तासांत गुप्त मतदान उरकले.

आता २११ या आकड्याकडे जरा बारकाईने पाहावे. नेत्याच्या मेहेरबानीने मंत्रिपद किंवा अन्य पद मिळालेल्यांची मते बहुतांशी या बाजूला पडली असे धरले, तर पद नसलेल्या साध्या खासदारांत जॉन्सन यांच्या विरोधात जाणारेच अधिक होते, असा हिशेब निघतो. आणि तो हिशेब पक्षातल्या प्रत्येकाने त्याच रात्री मांडला असणार. विरोधी मतांचे प्रमाण ४१ टक्के होते. थेरेसा मे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये असेच मतदान २०० विरुद्ध ११७ असे जिंकले, तेव्हा ते ३७ टक्के होते, आणि त्यांनाही पुढच्या मे महिन्यात राजीनाम्याची घोषणा करावी लागली. १९९० मध्ये मार्गारेट थॅचर पहिल्या फेरीत २०४ विरुद्ध १५२ अशा पुढे होत्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे लागणाऱ्या आघाडीत चार मते कमी पडली एवढेच. त्या लढण्याच्या तयारीत होत्या. पण त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांनी एकेकट्याने त्यांना भेटून, तुम्ही दुसरी फेरी जिंकणार नाही, असे सांगितले आणि २२ नोव्हेंबरला त्यांनी माघार घेतली.

म्हणजे असे मतदान नेत्याला वाचवतही नाही आणि घालवतही नाही. मनातली नाराजी ते आकड्यात मांडून ठेवते. एकदा आकडा जाहीर झाला की मंत्र्यांना आपापला हिशेब करता येतो. एका वादग्रस्त नेमणुकीच्या प्रकरणात पंतप्रधानांच्या कार्यालयाने दिलेले खुलासे खोटे ठरू लागले, तेव्हा ५ जुलैच्या संध्याकाळी आरोग्यमंत्री साजिद जाविद आणि अर्थमंत्री ऋषी सुनक यांचे राजीनामे काही मिनिटांच्या अंतराने आले. पाठोपाठ पन्नासहून अधिक मंत्री आणि सहायकांची रांग लागली आणि ७ जुलैला जॉन्सन यांनी पायउतार होत असल्याचे जाहीर केले. जिंकलेल्या नेत्याविरुद्ध वर्षभर पुन्हा मतदान घेता येत नाही, असा नियम होता. पण खाती सांभाळायला माणसेच उरली नाहीत, तर नियमाची ढाल काय कामाची?

आता आपल्या मित्राच्या मुद्द्याकडे वळतो, आणि त्यांच्याशी मी सहमत नाही. मतदान नाही म्हणून दबाव नाही, असे होत नसते. आपल्याकडे तो मोजला जात नाही, म्हणून फुटीच्या रूपाने बाहेर येतो. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वास ठराव आणला खरा; पण देसाई यांची खुर्ची गेली ती जनता पक्षातलेच खासदार गटागटाने बाहेर पडले म्हणून, आणि ठरावावर मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. विश्वनाथ प्रताप सिंह यांचा भाजपने पाठिंबा काढला आणि लोकसभेतल्या मतदानाआधीच चंद्रशेखर यांचा गट जनता दलातून फुटला. ७ नोव्हेंबर १९९० रोजी लोकसभेत सिंह यांना १४२ मते मिळाली आणि विरोधात ३४६ पडली. त्या काळी एक तृतीयांश खासदार एकत्र फुटले तर पक्षांतरबंदी कायदा त्यांना हात लावत नसे. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती सवलत काढून घेतली आणि आता दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने विलीनीकरण हीच वाट उरली आहे. कायद्याने बाहेर पडण्याचे दार अरुंद केले, आतली मोजणी मात्र कोणी सुरू केली नाही. दरवर्षी हिवाळी अधिवेशनासाठी विधिमंडळ आपल्या गावी येते, तेव्हा नेतृत्वबदलाच्या वावड्या आपण चहाबरोबर ऐकतोच. मुख्यमंत्री बदलायचा झाला की दिल्लीहून निरीक्षक येतात, आमदार बंद खोलीत एकेकट्याने भेटतात आणि शेवटी ‘निर्णय पक्षश्रेष्ठींवर सोपवला’ असा एका ओळीचा ठराव होतो. कोणाच्या पारड्यात किती होते, ते त्या ओळीत कधीच येत नाही.

प्रश्न : आमच्या रामटेकचे खासदार पुढे पंतप्रधान झाले. त्यांच्यावर स्वपक्षातून दबाव आला नव्हता का? आला असेल, तर ते पाच वर्षे टिकले कसे?
— एक वाचक, रामटेक

उत्तर : नरसिंह राव १९८४ आणि १९८९ मध्ये रामटेकमधून निवडून आले, १९९१ मध्ये मात्र ते निवडणुकीला उभेच नव्हते, आणि पंतप्रधान झाल्यावर नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले. दबाव आला, चांगलाच आला. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांत काँग्रेसचा धुव्वा उडाल्यावर डिसेंबर १९९४ मध्ये अर्जुन सिंह मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि १९९५ मध्ये त्यांनी नारायण दत्त तिवारी यांच्यासह वेगळी काँग्रेस काढली.

राव टिकले, याचे कारण पक्षाच्या त्याआधीच्या तिरुपती अधिवेशनात सापडते. एप्रिल १९९२ मध्ये तेथे कार्यकारिणीची निवडणूक खरोखरच झाली आणि अर्जुन सिंह, शरद पवार यांच्यासारखे वजनदार नेते त्यात निवडून आले. निवडून आलेल्यांत एकही दलित वा महिला नाही, असे कारण देऊन राव यांनी त्यांना राजीनामे द्यायला लावले आणि त्याच नेत्यांना कार्यकारिणीवर नियुक्त केले. कारण लटके नव्हते, हे मान्य करावे लागेल. परंतु मतांच्या जोरावर आलेला माणूस आणि नेत्याच्या सहीने आलेला माणूस, यांच्या बोलण्यात फरक पडतो. पंतप्रधानपद आणि पक्षाध्यक्षपद एकाच हाती असल्यामुळे हे साधले. विरोधकांना नाराजी नोंदवायची तरी कोणाकडे? अध्यक्षांकडे, म्हणजे पुन्हा राव यांच्याकडेच.

दोन पदे दोन हातांत असली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९६९ मध्ये पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी इंदिरा गांधींना पक्षातून काढले. पण बहुसंख्य खासदार त्यांच्याकडे राहिले, कम्युनिस्ट आणि द्रमुक यांचा आधार मिळाला आणि सरकार अल्पमतात जाऊनही तगले.

प्रश्न : पक्ष राजीनामा मागत असेल, तर पंतप्रधानाने लोकसभाच विसर्जित करून का टाकू नये?
— एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सल्ला देता येतो, पण ज्या खासदारांची जागा त्यामुळे धोक्यात येते ते एरवी तटस्थ असले तरी त्या दिवशी विरोधात जातात. शिवाय बहुमत शाबूत आहे की नाही, हा प्रश्न राष्ट्रपतींपुढे उभा राहतोच. चरण सिंह यांनी ऑगस्ट १९७९ मध्ये लोकसभेला एकदाही सामोरे न जाता राजीनामा दिला आणि विसर्जनाचा सल्लाही दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी तो मानला, आणि दुसऱ्या कोणाला संधी का दिली नाही म्हणून जनता पक्षाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. चरण सिंह काळजीवाहू पंतप्रधान म्हणून जानेवारी १९८० पर्यंत राहिले. ती निवडणूक मात्र इंदिरा गांधींनी जिंकली.