कुत्र्यासाठी इतकं रडले, माझी श्रद्धा कमी पडली का?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न वरचेवर येतो, आणि बहुतेकदा दबक्या आवाजात. नगरकडच्या एका निवृत्त नर्सबाईंनी तो विचारला, त्यांचीच ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांचा शेरू तेरा वर्षांचा. किडन्या निकामी झालेल्या, तोंडात फोड, पाणीसुद्धा पोटात ठरेना. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्याला यातनांतून सोडवायचं सुचवलं आणि बाईंनी कागदावर सही केली.

"उपासनेला गेले तर एक बाई म्हणाल्या, अगं, कुत्रंच ते, दुसरं आण. त्यानंतर मी कुणापाशी बोललेच नाही. प्रार्थनेला बसवत नाही हो. जीव देणारा प्रभू, आणि तो घ्यायची सही माझी!"

इथे दुःखाला लाज आणि अपराधीपण, दोन्ही चिकटले होते. लाजेबद्दल आधी बोललो. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही ते माणसाला एकटं पाडतं, हे केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये पुस्तकातून मांडलं. ते स्वतः ल्यूथरन या ख्रिस्ती पंथाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. पण बाईंचा खरा आधार पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, म्हणून मी त्यांना त्यातल्या २ शमुवेल या पुस्तकाचा १२वा अध्याय वाचायला सांगितला. नाथान संदेष्टा दाविद राजाला एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो. ती त्याच्या घासातलं खायची, त्याच्या प्याल्यातलं प्यायची, त्याच्या उराशी निजायची, त्याला लेकीसारखी होती. एक श्रीमंत माणूस ती हिरावून घेऊन पाहुण्यासाठी कापतो. दाविद ऐकून संतापतो. 'मेंढीच ती' असं तो म्हणत नाही. मेंढरं राखूनच तो मोठा झाला होता, त्याला ती माया लगेच कळली. नाथानाने राजाचं मन जागं करायला हीच माया निवडली, हे मला फार मोलाचं वाटतं. बाई वाचता वाचता मोठ्याने रडल्या. रडू दिलं.

अपराधीपण असं वचन वाचून जात नाही. मी म्हटलं, "बाई, शेरूच्या शेवटच्या आठवड्याचा केसपेपर लिहा, वॉर्डात लिहायचात तसा." त्यांनी लिहिला: खाणं, उलट्या, वेदना, दिलेली औषधं, डॉक्टरांचं मत. पुढच्या भेटीत स्वतःच वाचून म्हणाल्या, "यात वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं." त्यांच्या हातात जगणं की मरणं ही निवड नव्हतीच. मरण किती यातनांचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. नीतिसूत्रे १२:१० मधला नीतिमान आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो. त्या सहीकडे बाई आता या काळजीतून पाहू लागल्या. प्रार्थनेला शब्द सुचेनात, तेव्हा १३वं स्तोत्र मोठ्याने वाचायचं ठरलं. "किती काळ?" असं देवाला विचारणारं ते स्तोत्र आहे, आणि तेही शास्त्रातच आहे.

नातवाचा प्रश्न वेगळा: शेरू स्वर्गात भेटेल का? यावर ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एकमत नाही आणि निकाल देणं माझं कामही नाही. लूक १२:६ मात्र स्पष्ट आहे, देवाला एकाही चिमणीचा विसर पडत नाही. बाईंनी मुलाला तेवढंच सांगितलं. 'शेरूला झोपवलं' असं मात्र लहान मुलांना सांगू नका. ती रात्री झोपायला घाबरू शकतात. 'तो मेला, आता त्याला दुखत नाही' हे खरं आहे आणि त्यांना पेलतं.

पुढे बाईंनी पाळकसाहेबांना घरी बोलावलं. त्यांनी ३६वं स्तोत्र वाचलं, ज्यात परमेश्वर माणसांबरोबर पशूंचंही रक्षण करतो, आणि शेरूच्या तेरा वर्षांबद्दल उपकारस्तुती केली.

जेवणाची वाटी पाहून भरून येणं, दारात चाहूल लागल्यासारखं वाटणं, हा आजार नाही. पण आठवडेच्या आठवडे झोप आणि अन्न तुटलं किंवा जगणं नको वाटलं, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.