‘हे खरे आहे काय?’ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं आणि मेसेज विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेत. मी बरीच वर्षं एका आमदारांचा पीए होतो, म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याच गळ्यात घातलाय.

प्रश्न : अधिवेशन संपल्यावर आमच्या आमदारांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ पानांची पीडीएफ टाकली, ‘मतदारसंघाचा बुलंद आवाज’ असं नाव. त्यात पाच पानं फोटो. शेवटी म्हणे गोंधळामुळे कामकाज होऊ शकलं नाही, तरी पाठपुरावा सुरू आहे. आमच्या गावचा पूल खचून दोन पावसाळे गेले. यांनी खरंच काही केलं का हे कसं ओळखायचं? (एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : अशी पत्रकं मी स्वतःच्या हाताने लिहिलीत, त्यामुळे आधी कबुलीच देतो. हातात काहीच नसलं की आम्ही ‘पाठपुरावा सुरू आहे’ लिहायचो. फार सोयीचा शब्द, त्याला ना तारीख लागते ना जावक क्रमांक.

तुम्ही फोटो सोडा आणि एकच गोष्ट विचारा, साहेब, पुलाचा प्रश्न कोणत्या आयुधाने मांडला आणि त्याचा नंबर काय? आयुध म्हणजे सभागृहात विषय मांडायचं ठरलेलं साधन, तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं), लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, जे काय असेल ते. तारांकित टाकला असेल तर त्याचा क्रमांक असतो, छापील यादी असते, विधिमंडळाच्या वेबसाइटवर याद्या येतात. त्यांची भाषा एकदा वाचाच, पिढ्यान्‌पिढ्या तीच चालत आलीय. ‘(१) अमुक तालुक्यातील तमुक नदीवरील पूल खचला आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि खाली उत्तर, ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ संपलं! तुमचा दोन पावसाळ्यांचा पूल एका ओळीत वाहून गेला.

आता गोंधळाने नेमकं काय बुडतं ते सांगतो, कारण ‘कामकाज झालं नाही’ म्हणजे सगळंच थांबलं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. छापील उत्तर तर येतंच. बुडतो तो उपप्रश्न. प्रश्नोत्तराचा तास नीट चालला तर आमदार उठून विचारतो की मंत्रिमहोदय, खचला नाही म्हणता मग तिथे जड वाहनांना बंदीचा बोर्ड कोणी लावला? मग मंत्री अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघतात, तिकडून घाईघाईत चिठ्ठी येते, ती वाचून ते म्हणतात की पंधरा दिवसांत बैठक घेतो. हे जे वाक्य आहे ना, त्यासाठी सगळा खटाटोप. सभागृहात तोंडातून गेलं की ते नोंदलं जातं, आश्वासन म्हणून धरलं गेलं तर आश्वासन समिती त्याचा माग ठेवते आणि खात्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. अकरा वाजता बैठक सुरू, पाच मिनिटांत घोषणा, दहा मिनिटं तहकूब, पुन्हा सुरू, पुन्हा तहकूब, की तो तास गेला आणि ‘हे खरे नाही’ तसंच शिल्लक राहिलं.

प्रश्न : सभागृह बंद असतं तर मग संध्याकाळच्या बातम्यांत ‘चार विधेयके मंजूर’ कसं काय येतं? (कॉलेजला शिकवणाऱ्या एक वाचक)

उत्तर : मॅडम, दुखणं इथेच आहे. गोंधळात सरकारचं काम अडत नाही. अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे हौद्यात, घोषणा चालू, कागद फाटतायत, आणि अध्यक्ष वाचतायत, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, विधेयक संमत झाले. चहा निवायच्या आत. २८८ जणांच्या विधानसभेत गणपूर्तीला, म्हणजे किमान हजेरीला, एक दशांश म्हणजे २९ सदस्य पुरतात आणि तेही कोणी मुद्दा काढला तर मोजायचे. १८ मार्च २०१७ ला कर्जमाफीच्या घोषणांमध्ये अख्खं अर्थसंकल्पाचं भाषण वाचून झालं होतं. पैशाचं काम तर थांबवताच येत नाही, ३१ मार्चपर्यंत खर्चाला मंजुरी लागतेच.

म्हणजे थांबतं काय, तर साध्या आमदाराचं काम, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या तुमचं माझं. विरोधकांनी कामकाज रोखलं की सरकारला चर्चेतून सुटका मिळते आणि वर बोंब मारायला मोकळे की हेच चालू देत नाहीत. म्हणून कधीकधी मला शंका यायची की आज सभागृह बंद पडावं असं नक्की कोणाला वाटतंय! (साहेबांना बोलून दाखवलं तर ते नुसते हसायचे.)

त्यात अधिवेशनं आखूड झालीत. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षाला एक अधिवेशन नागपूरला होतं, तिथे आमदार निवासाच्या खोलीत कार्यकर्ते गाद्या टाकून झोपायचे, सकाळी उठून आधी गॅलरीचे पास मागायचे. डिसेंबर २०२४ चं नागपूर अधिवेशन १६ ते २१ तारखेपर्यंत, फक्त सहा दिवस. त्यातला एक दिवस वाया गेला तर हिशोब तुम्हीच करा.

प्रश्न : गोंधळ घालणाऱ्यांना सरळ वर्षभर घरी बसवा ना. (एक संतापलेले ज्येष्ठ नागरिक, पुणे)

उत्तर : काका, करून बघितलंय ते. २२ मार्च २०१७ ला काँग्रेस-राष्ट्रवादीचे १९ आमदार थेट ३१ डिसेंबरपर्यंत निलंबित केले होते, नंतर टप्प्याटप्प्याने मागे घ्यावं लागलं. मग बाजू बदलली, ५ जुलै २०२१ ला भाजपचे १२ आमदार एका वर्षासाठी बाहेर, आणि ते पावसाळी अधिवेशन होतं दोनच दिवसांचं. ते सुप्रीम कोर्टात गेले आणि २८ जानेवारी २०२२ ला कोर्टाने सांगितलं की त्या अधिवेशनाच्या पलीकडचं निलंबन घटनाबाह्य आहे. कोर्टाचा मुद्दा मला पटला, आमदाराला काढूनच टाकलं तर पोटनिवडणूक तरी होते, वर्षभर निलंबित ठेवलं तर जागा भरलेली दिसते पण मतदारसंघाच्या वतीने बोलायला कोणीच नाही. म्हणजे तुमच्या पुलाची शिक्षा तुम्हालाच.

आणि गोंधळ दर वेळी फुकटच जातो असंही मी म्हणणार नाही. २०१७ च्या मार्चमध्ये सभागृहात आरडाओरडा झाला, जूनमध्ये पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप पेटला आणि २४ जूनला ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. माझ्या मते काम संपाने केलं, पण विषय आधीच तापलेला होता हे कबूल करावं लागेल.

प्रश्न : अधिवेशन संपलं की राहिलेली विधेयकं रद्द होतात का? आणि आमदार निधीसुद्धा अडकतो का? आमच्या सरपंचांनी असं सांगितलं.

उत्तर : दोन्ही नाही. अधिवेशन संस्थगित झालं म्हणून विधेयक मरत नाही, ते पुढच्या वेळी घेता येतं, विधानसभाच विसर्जित झाली तर गोष्ट वेगळी. वर्षाचा ५ कोटींचा आमदार निधी जिल्ह्यातून खर्च होतो, त्याचा सभागृहातल्या गोंधळाशी संबंध नाही. सरपंचांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांनी प्रस्ताव दिला होता का तेवढं विचारा.

प्रश्न : सर, मी एका आमदारांच्या ऑफिसात नवीन आहे. अधिवेशनाचा अहवाल लिहायला सांगितलाय आणि आमचं काहीच झालं नाहीये. काय लिहू? (नाव छापू नका प्लीज)

उत्तर : ताई, नाव नाही छापत. आठ पानं करू नका, एकच करा. प्रश्न, लक्षवेधी वगैरेंच्या किती सूचना दिल्या, कोणत्या तारखेला दिल्या, कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या आणि कोणत्या गोंधळात गेल्या, तेवढं लिहा. साहेब स्वतः विधानभवनाच्या पायऱ्यांवर बॅनर धरून उभे असतील किंवा हौद्यात उतरले असतील तर तेही लिहा आणि का उतरले ते सांगा, कारण टीव्हीवर लोकांनी बघितलेलंच असतं. मिळालेलं उत्तर जसंच्या तसं लावा, अगदी ‘प्रश्न उद्भवत नाही’ असलं तरी. साहेब नाही म्हणतील, माझेही म्हणाले होते. मी एकदा एका रस्त्याचं तसं उत्तर पत्रकात छापलं आणि दोन दिवस बोलणी खाल्ली. आठवड्याने त्या गावचे एक म्हातारे गृहस्थ एसटीने ऑफिसात आले, पत्रक घडी करून खिशात, आणि सोबत नातवाने काढलेले अकरा फोटो, प्रत्येकात खड्ड्याशेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरलेलं. पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न फोटो जोडून परत टाकला. उत्तर आलं, ‘(१) हे अंशतः खरे आहे.’ त्या ‘अंशतः’वर उपप्रश्न विचारायचा होता, सभागृह चालू होतं, आणि साहेब नेमके त्या दिवशी एका लग्नाला गेले होते.