पायलट तपासायचे म्हणतेस, तर

प्रिय डॉक्टर (आता असं म्हणायला हरकत नाही),

पायलटांची वैद्यकीय तपासणी करणारी डॉक्टर कसं व्हायचं, हे परवा फोनवर विचारलंस, पण तुझ्या पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) जनरेटरच्या आवाजात निम्मं बोलणं वाहून गेलं. म्हणून लिहितो.

कागदाचं आधी उरकतो. एमबीबीएस आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी तुझ्याकडे आहेच. त्यावर विमानवैद्यकाचं प्रशिक्षण लागतं. त्याचं माहेरघर म्हणजे बंगळुरूची हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन, १९५७ पासूनची. या विषयातलं तीन वर्षांचं एमडीही तिथे होतं. मग डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे अर्ज. मंजुरी मिळाली की ठरावीक मुदतीपुरतं तपासणाऱ्या डॉक्टरांच्या यादीत नाव. सुरुवात क्लास टूच्या तपासणीपासून कर, म्हणजे शिकाऊ पायलट. क्लास वन व्यावसायिक पायलटांसाठी, तिथे तुझ्याकडूनही जास्त मागतात. नियम बदलतात, अर्जाच्या वेळी डीजीसीएचं ताजं परिपत्रक वाच, माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. पैशासाठी येत असशील तर सोनोग्राफी सेंटर टाक.

आता मुद्द्याचं. तुझ्या ओपीडीत माणूस दुखणं वाढवून सांगतो. पायलट दुखणं घरी ठेवून येतो. लहानपणीचं फेफरं, दम्याचा पंप, झोपेची गोळी, खोदून विचारल्याशिवाय काही निघत नाही. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान आल्प्सच्या डोंगरावर आदळलं, १५० माणसं गेली. डॉक्टरांनी त्याला कामावर जाऊ नये अशी चिठ्ठी दिली होती. ती त्याने कंपनीला दाखवलीच नाही. हे वाचल्यापासून ‘झोप कशी लागते?’ हा प्रश्न मी फॉर्म बाजूला सारून, पेन खाली ठेवून विचारतो.

अर्जुनीकडचा एक पोरगा आला होता. इशिहाराचं पुस्तक, म्हणजे रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायची रंगदृष्टीची चाचणी, उघडलं तर धडाधड सांगत सुटला : बारा, आठ, सहा, एकोणतीस. पान नीट उलटायच्या आत आकडा तयार. मी पुस्तक मिटलं आणि मधूनच ७४ चं पान काढलं. तो थबकला. म्हणाला, ‘एकवीस.’ लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला तिथे एकवीसच दिसतो. रंगीत दिव्यांची पुढची चाचणी असते आणि शेवटचा शब्द डीजीसीएचा, म्हणून मी तोंडाने नापास म्हटलं नाही. दिव्यांतही तो अडकलाच. बाप बाहेर बाकावर बसलेला. ‘दोन एकर धानाची बांधी विकली जी, फ्लाइंग स्कूलची फी भरली. काही करता येत नाही का?’ मी चहा मागवला. दुसरं काही सुचलं नाही. तेव्हापासून कुणी नुसती चौकशीला आला तरी सांगतो : आधी मेडिकल, मग फी. तूही सांग, तुझं यादीत नाव नसलं तरी.

आपल्या भागात सिकलसेल, हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, विसरू नकोस. उंचीवर प्राणवायू कमी, आणि नेमक्या कमी प्राणवायूतच त्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून पोराला घाबरवू नकोस. नुसत्या वाहकाचीही तशीच येते. आजारी की वाहक हे सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी कर, मग बोल.

आणि कान! ओटोस्कोप (कानात बघायची दुर्बीण) लावून पायलटला नाक-तोंड बंद ठेवून फुंकर मारायला लाव. पडदा किंचित बाहेर फुगतो, प्रकाशाचा तो तिकोनी ठिपका हलतो. सर्दीत हलत नाही. सुरुवातीला असा सर्दीवाला एक शिकाऊ मी घाईत पास करून सोडला. विमान खाली उतरताना कानाच्या कळेने तो कळवळला. नशीब, शेजारी शिक्षक होता.

तपासणाऱ्याला पायलटच्या कामाची प्रत्यक्ष ओळख हवी, हे आंतरराष्ट्रीय नियमातच आहे. तेव्हा एखाद्या सकाळी गोंदियाला उतर, बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ पोरं कशी उडतात ते दाखवतो. ओळख आहे माझी. मे महिना नको, शिजून निघशील.

सरकारी सेवेचा बॉन्ड कधी संपतो ते कळव, म्हणजे कोर्सचं बघता येईल.

तुझा,
सर