सड्यावरची सायकल

प्रश्न : ॲल्युमिनियमची ट्रेल सायकल (खडबडीत वाटांसाठीची) घेतली. पुढे १४० मिमी सस्पेन्शन असूनही सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) हात बधिर होतात, पंक्चरही सारखं. आधी काय बदलू? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : मीही आधी फ्रेमलाच शिव्या घातल्या. दोष माझाच, टायरमध्ये ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरून जांभ्यावर जात होतो! टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करून पुढे २२, मागे २५ वर आलो (वजन ७० किलो) आणि चाक दगडाला धरून चालू लागलं. करवंदीचा काटा घुसला तरी टायरमधलं सीलंट (चिकट द्रव) भोक बुजवतं. मग ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे चालवतानाच कळ दाबून सीट खाली-वर करता येणारी दांडी. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरताना सीट खाली गेली की जीव भांड्यात. कार्बन हँडल घ्यायचं सध्या राहू द्या. खाऱ्या हवेत साखळी, बोल्ट गंजतात. माझी जुनी सीटपोस्ट तर फ्रेममध्येच चिकटली, दोघांनी पिळून काढली. म्हणून सीटपोस्टला ग्रीस लावा. सायकल पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूत) नेलीत तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा.