वेंगुर्ल्याला जाताय? मग तारकर्ली सोडून हे किनारे बघा

प्रश्न : नमस्कार ताई, डिसेंबरात चार दिवस वेंगुर्ल्याला जाणार आहोत. मालवण-तारकर्ली झालंय आधी, ते जेट स्की नि बनाना राइडवाले मागे लागतात ते आता नको. सोबत सासू-सासरे आहेत, दोघंही सत्तरीचे, शिवाय दोन मुलं. नेटवर शोधलं तर बारा-पंधरा बीचची नावं निघाली, चार दिवसात सगळे होतील का? — एक वाचक, पुणे

उत्तर : होतील की, पण मग समुद्र गाडीच्या काचेतूनच बघायचा. वेंगुर्ल्याच्या रस्त्यांना किलोमीटरचा हिशोब लावू नका, घाटी, वळणं, मध्येच एसटी समोर आली की कोणीतरी मागे घ्यायचं, त्यात आजी-आजोबांना दर तासाला चहा. माझं सरळ मत, एक दिवस उत्तरेला, एक दिवस दक्षिणेला आणि उरलेले दोन दिवस मुक्कामाच्या घराजवळ.

घराजवळचा म्हणजे उभादांड्याचा सागरेश्वर. गावाला लागूनच आहे, सुरूची झाडं, महादेवाचं देऊळ, लांबलचक वाळू आणि गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, त्यामुळे सासूबाईंना वाळूत फार चालावं लागणार नाही. सकाळी लवकर गेलात आणि नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. होडीतून भलंमोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून गावातली माणसं ते किनाऱ्यावर खेचतात, बायका-पोरं सगळी. मुलांना दोराला हात लावायचाच असेल तर आधी विचारा, बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत, पण तिथे मध्येमध्ये उभं राहून फोटो काढत बसू नका, त्यांच्या पोटापाण्याचं काम चालू असतं.

उत्तरेच्या दिवसाला खवणे ठेवा. माडांमधून खाली उतरणारा रस्ता, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी नि तिवरं. खाडीत कयाक मिळतात, मुलांना तेच करू दे, कारण खाडी जिथे समुद्राला मिळते ना, ती जागा दिसायला सगळ्यात सुंदर आणि उतरायला सगळ्यात वाईट. ओहोटीला पाणी गुडघाभर दिसतं पण खाडीचं सगळं पाणी त्याच तोंडातून बाहेर पडत असतं, त्याला अशी ओढ असते की पोहणाऱ्या माणसाचंही काही चालत नाही. मोचेमाडला पण हेच, भोगव्याला कर्ली नदी मिळते तिथे पण हेच. गावातला कोणी 'हंयसर पाण्यात उतरू नकात' म्हणाला तर वाद न घालता बाहेर या.

खवण्याहून पुढे निवती. मासेमारी बंदर आहे, वास येणार, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच ठरवावं. पण वर किल्ल्यावर जाऊन भोगव्याची वाळू बघितली की वासबीस विसरायला होतं. हवा स्वच्छ असेल तर लांब समुद्रात खडकांचा पुंजका दिसतो, ते वेंगुर्ला रॉक्स, दीपगृह पण तिथेच. आजोबांना चढायला नको असेल तर ते खाली बंदरात बसतील, होड्या बघण्यात त्यांचा तास आरामात जाईल. कोंडुरा मात्र तुमच्या ग्रुपला नको म्हणेन. दोन डोंगरांमधला छोटासा किनारा, खडकाच्या घळीत लाटा घुसून घुमतात, जागा जबरदस्त आहे पण खडक निसरडे, मुलांमागे धावायला कोणीतरी तरणं लागतं.

दक्षिणेला जाताना मोचेमाडच्या घाटात थांबा, नदी, वाळू, समुद्र तिन्ही एका नजरेत येतात. मग आरवलीचा वेतोबा, तिथे देवाला केळ्यांचे घड नि भल्यामोठ्या चपला वाहतात, मुलं चपला बघून खूश होतील. पुढे शिरोड्याचा वेळागर किनारा, सुरूच्या सावलीत आजी-आजोबांसाठी चटई टाकायला मस्त. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे शिरोड्यातच झाला, मिठागरं अजून आहेत. वेळ उरला तर रेडीचा गणपती, १९७६ साली खाणीत सापडलेली मूर्ती. तिथून गोवा हाकेवर आहे, पण डिसेंबरच्या शेवटी तिकडे वळू नका, ज्या गर्दीपासून पळताय तीच भेटेल.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं बघायला मे महिन्यात गेलो तर चालेल? — वाचक, ठाणे

उत्तर : उशीर होईल बहुतेक. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालते, पिल्लं बाहेर यायला दीडेक महिना किंवा थोडा जास्त. म्हणजे फेब्रुवारी-मार्च धरा, शेवटची घरटी मेपर्यंत फुटू शकतात पण तोवर फार थोडी उरतात. आणि ही तारीख-वार ठरवून होणारी गोष्ट नाही, तिथे अंडी जपणाऱ्या गावकऱ्यांना किंवा होमस्टेवाल्यांना आधी फोन करून मगच निघा. फ्लॅश मारायचा नाही, पिल्लू हातात घ्यायचं नाही, ते आपलं आपण समुद्राकडे चालत जाणं गरजेचं असतं.

प्रश्न : भरती-ओहोटीचं टाइमटेबल कसं कळतं? आम्ही गेलो की नेमकं पाणी वरपर्यंत. — एक वाचक, नागपूर

उत्तर : भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर, आणि रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आज सकाळी नऊला भरती असेल तर उद्या दहाच्या आसपास धरायची. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि जास्त आत जातं, वाळूत गाडी घालणारे शहाणे तेव्हाच अडकतात. गाडी रस्त्यावरच ठेवा!

प्रश्न : जेवणाचं काय? हॉटेलं दिसत नाहीत या बाजूला. — तेच पुण्याचे वाचक

उत्तर : आहेत पण मोठी नाहीत, आणि खवणे-निवतीकडे आयत्या वेळी भुकेलं पोहोचलात तर चहा-बिस्किटावर भागवावं लागेल. घरगुती खानावळीत आदल्या रात्रीच सांगून ठेवा, किती माणसं, कितीजण शाकाहारी, कारण मासळी सकाळीच घेतात. सुरमईचाच हट्ट नको, त्या दिवशी बांगडा ताजा असेल तर बांगडा खा. शाकाहारींना डिसेंबरात ओले काजूगर मिळणं कठीण, त्यासाठी मार्चमध्ये परत यावं लागेल, तेव्हा कासवं पण होऊन जातील.