लघवीच्या नळीतून सेप्सिस, किडनीला इजा: रुग्णालयाकडून भरपाई मागता येईल का?

प्रश्न: माझी आई ६१ वर्षांची, मधुमेही. मांडीचं हाड मोडल्यामुळे खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं, तेव्हाच लघवीची नळी घातली. चौथ्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून १०२ ताप आला. तापाची गोळी देत राहिले. सातव्या दिवशी घरी सोडलं, तेव्हाही अंग गरम होतं. दोन दिवसांत तिची शुद्ध हरपली. दुसऱ्या रुग्णालयात ‘युरोसेप्सिस’ (लघवीच्या संसर्गातून झालेला सेप्सिस, म्हणजे अवयवांना इजा करणारी शरीराची तीव्र प्रतिक्रिया) असं निदान झालं, आयसीयूत चार वेळा डायलिसिस करावं लागलं. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय हे दाखवणारी रक्ततपासणी) अजून २.१, म्हणजे वाढलेलंच आहे. याला चौदा महिने झाले. पहिलं रुग्णालय डिस्चार्ज कार्डाखेरीज काही देत नाही. ‘तक्रार नाही’ असं लिहून दिलं तर ४० हजार परत करतो म्हणतात. पोलिसांत जावं का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: त्या कागदावर सही करू नका. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. ती पहिल्या रुग्णालयाने आईला घरी सोडलं त्या तारखेपासून मोजा, म्हणजे पुढे वाद उरणार नाही. हातात दहाएक महिने आहेत आणि त्यातले बरेच कागद मिळवण्यातच जातील.

‘नळीमुळे इन्फेक्शन झालं’ एवढ्यावर दावा उभा राहत नाही. नळी जितके दिवस राहते तितका धोका वाढतो, आणि नीट काळजी घेऊनही संसर्ग होतो. मधुमेहात तर जास्तच. रुग्णालयाचा वकील पहिल्याच तारखेला हे सांगेल. मुंबईतलं मार्टिन डिसोझा प्रकरण पाहा: किडनीच्या रुग्णाला लघवीच्या संसर्गासाठी ॲमिकासिन दिलं, त्याने ऐकू येणं गेल्याची तक्रार केली, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने भरपाईही दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे सांगणारा कल्चर रिपोर्ट डॉक्टरांच्या बाजूने होता.

तुमच्या प्रकरणात मला तोच रिपोर्ट कुठे दिसत नाही. म्हणून प्रश्न असा मांडा: चौथ्या दिवशीच्या तापानंतर घरी सोडेपर्यंत काय केलं? अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर पाठवलं का? नमुना नळीच्या पोर्टमधून (नमुना घेण्यासाठीच्या तोंडातून) घेतला की पिशवीतून? (पिशवीतल्या नमुन्याला अर्थ नसतो.) नळीची गरज रोज तपासली का? रक्तदाब, लघवीचं प्रमाण, क्रिएटिनिन यांवर लक्ष होतं का? कल्चरचा निकाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तो आई घरी गेल्यावर आला आणि कोणी फोनही केला नाही, असंही घडतं. तसं निघालं तर तो मोठा पुरावा.

यासाठी इनडोअर केस पेपरची (रुग्ण भरती असतानाच्या सगळ्या नोंदींची) पूर्ण प्रत हवी: डॉक्टरांच्या ऑर्डर, नर्सिंग नोट्स, ताप-नाडीचा चार्ट, इनटेक-आउटपुट चार्ट (शरीरात गेलेलं पाणी आणि बाहेर आलेली लघवी), औषधांचा तक्ता, प्रयोगशाळेच्या नोंदी, संमतीपत्र. चार्ट हाती आला की डिस्चार्जच्या दिवशीचा सकाळचा रकाना आधी पाहा. तिथे १०१ आणि डिस्चार्ज कार्डावर ‘ॲफेब्राइल’ (ताप नाही) असेल, तर तिथेच तुमचा दावा उभा राहतो. संमतीपत्रावर ‘संसर्ग होऊ शकतो’ असं छापलेलं असेल, त्याने घाबरू नका. संभाव्य गुंतागुंतीला संमती देणं म्हणजे हयगयीला संमती नव्हे.

अर्ज आईच्या सहीने करा, तुम्हाला प्रत घ्यायचा अधिकार दिल्याचं त्यात लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार ७२ तासांत कागद द्यावे लागतात. नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात रुग्णाचा हा हक्क मान्य केला आहे. तरीही टाळलं तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करा. आयोगही कागद हजर करायला लावू शकतो.

पोलिसांकडे आत्ता जाऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ मृत्यूसाठी आहे. आई हयात आहे. दुखापतीच्या कलमाखालीही सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे (२००५) घोर निष्काळजीपणा लागतो आणि तटस्थ डॉक्टरचं मत आधी यावं लागतं. तुमचे महिने तिथेच जातील.

जिल्हा आयोगाची कक्षा मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरते: ५० लाखांपर्यंत. ही रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव निकालात (२०१०) म्हटलंय, पण इथे तुम्ही मत घ्याच. तीन दिवसांच्या उशिरामुळेच किडनीला इजा झाली, ही साखळी नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीतज्ज्ञ) किंवा युरॉलॉजिस्टच (मूत्ररोगतज्ज्ञ) जोडू शकतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाचं मत अधिक वजनदार ठरतं.

दुसऱ्या रुग्णालयाचं बिल, डायलिसिस, औषधं, तुमचा बुडालेला पगार, पुढचा उपचार, वेदना, सगळं मागा. डॉक्टर सांगतील तेव्हा आईचं क्रिएटिनिन त्याच प्रयोगशाळेत तपासून रिपोर्ट तारीखवार फाइलला लावा. पुढच्या उपचाराची रक्कम त्याच्याच आधारे मागता येईल.