आधी चेकवरची तारीख बघा

शिरोली एमआयडीसीत मशिनिंगचं जॉबवर्क करणाऱ्या एका वर्कशॉपमालकांचं पत्र आहे. ऑर्डरी निम्म्यावर आल्या आहेत. गिऱ्हाईक कंपनीने थकलेल्या बिलांपोटी दिलेला ४ लाख ६० हजारांचा चेक वटला नाही. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ म्हटल्यावर मालक दोन महिने गप्प बसले. इकडे तीन कामगारांचे पगार थकले. आता कलम १३८ची, म्हणजे चेक न वटल्याची फौजदारी केस होईल का, असं विचारतात. अशी पत्रं हल्ली फार येतात.

तुम्ही चार पानं लिहिलीत, पण चेकवर तारीख कोणती, तेवढंच लिहिलं नाहीत. सगळं तिच्यावर आहे.

चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मुदत तुम्ही घालवलीत, आणि नोटिशीचा उशीर कोर्ट माफ करू शकत नाही. फोनवरच्या शब्दावर विसंबून माणसं हातचा हक्क घालवतात, याचा मला खरोखर राग येतो. मात्र चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. दिवस उरले असतील तर उद्या बँक उघडताच तो पुन्हा भरा. परत आला तर बँकेच्या नव्या मेमोवर (चेक परत आल्याच्या चिठ्ठीवर) नवे ३० दिवस मिळतात. एमएसआर लेदर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं आहे. नोटीस कंपनीला आणि सही करणाऱ्या संचालकालाही स्पीड पोस्टाने पाठवा, मागणी चेकच्या नेमक्या रकमेची करा. नोटीस पोचल्यावर त्यांना १५ दिवस, ते उलटले की कोर्टात तक्रारीला तुमच्याकडे एक महिना. इथे पुन्हा थांबू नका.

तीन महिने उलटून गेले असतील, तर या चेकवर १३८ विसरा. दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांत लावता येतो. उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या परिषदेकडेही जाता येईल; कागद पाहिल्याशिवाय याहून जास्त सांगणार नाही. चेकची केस सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, तो हिशेब धरूनच चला.

पगार मात्र या चेकवर टांगून ठेवू नका. येणं अडकलं, हे कारण कामगार न्यायालयात टिकत नाही. जमेल तेवढे आत्ता द्या, उरलेले कधी देणार ते तिघांना लेखी द्या.